कोणी सांगितलं?

आमच्या ऑफिसात वाद घालायच्या दोन ठरलेल्या पद्धती आहेत. एक जण म्हणतो, "हे असंच करतात." का? तर असंच करतात. दुसरा म्हणतो, "आर्किटेक्टनी सांगितलंय." मीटिंगमध्ये दुसरा जिंकतो, कारण त्याच्यामागे पद उभं असतं. पण कारण दोघांनीही दिलेलं नसतं. पहिला रिकाम्या हाताने आलाय आणि दुसऱ्याने दुसऱ्याच्या नावाची रिकामी पिशवी आणलीय, इतकाच फरक.

ऑफिसात यात फार तर एखादा रिलीज बोंबलतो. मी मूळचा नांदेडचा. आमच्याकडे हाच वाद जमिनीबद्दल होतो.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ 3.6 चा. नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. मी पुण्यात झोपलो होतो, उठून बघतो तर घरच्या ग्रुपवर नुसता धुरळा. पहिला मेसेज: आज रात्री याहून मोठा येणार. दुसरा: नासाने कळवलंय की आज रात्री याहून मोठा येणार. दावा तोच, फक्त नासाचा शिक्का मारलेला. (नासा बिचारी मराठवाड्यातल्या किती गोष्टींना जबाबदार आहे, तिला पत्ताच नाही.) भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येईल अशी पद्धत आज जगात कोणाकडेच नाही, त्यामुळे हे दोन्ही मेसेज निकालात काढणं सोपं होतं.

तिसरा मेसेज काकांचा. तो अवघड होता. "घाबरू नका. आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, शास्त्रज्ञच सांगतात. किल्लारी तेरणेच्या धरणामुळं झाली. नांदेडला काही होत नसते." शांत, सुशिक्षित, धीर देणारा मेसेज. सगळ्यांनी अंगठे दिले.

आता या मेसेजमधला 'शास्त्रज्ञ सांगतात' घ्या. हे अगदीच हवेतलं नव्हतं. द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर, इथे मोठे भूकंप होत नाहीत, असं खरोखरच मानलं जायचं. भारतीय मानक 1893 मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा असतो. 1966 च्या नकाशात कोयना परिसर झोन 1 मध्ये होता, म्हणजे अगदी कमी धोका. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला भूकंप झाला, आणि 1970 च्या नकाशात तो भाग झोन 4 मध्ये गेला. किल्लारीसुद्धा झोन 1 मध्येच होती. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, लातूर-उस्मानाबाद भागात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. 2002 च्या नकाशात किल्लारी झोन 3 मध्ये आली.

माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे हे सगळं ऐकीव आणि वाचीव. पण मला सगळ्यात जास्त छळते ती आधीच्या वर्षाची गोष्ट. 1992 च्या पावसाळ्यापासूनच किल्लारीत छोटे धक्के बसत होते. ऑक्टोबरात एक चारच्या आसपासचा बसला. लोक घाबरून बाहेर झोपू लागले. पुढच्या वर्षी धक्के ओसरले आणि लोक परत घरात झोपायला गेले.

या गोष्टीचा सोयीचा अर्थ असा काढतात की अडाण्यांना कळलं, शहाण्यांना नाही. मला तो पटत नाही. किल्लारीत तेव्हा तीन वेगळी विधानं होती. 'जमीन हलतेय' हे पहिलं. 'मोठा येणार' हे दुसरं. 'इथे येत नसतो' हे तिसरं, नकाशाचं. पहिलं विधान निराधार नव्हतंच, ते शेकडो लोकांनी पायाखाली अनुभवलेलं होतं. दुसरं मात्र निराधार होतं. ते खरं ठरलं, तरीही. अशा धक्क्यांची मालिका बहुतेक वेळा काहीच न होता थांबते. आणि तिसरं? तो नकाशा मुख्यतः आधी नोंदल्या गेलेल्या भूकंपांवरून काढलेला होता. नोंद नाही म्हणजे धोका कमी. आमच्या भाषेत, लॉगमध्ये एरर नाही म्हणून बग नाही. लॉगिंग कधी सुरू केलं, हे कोणी विचारायचं?

न्यायदर्शनात 'शब्द' हे एक प्रमाण मानलंय, म्हणजे आप्ताचं सांगणं. मला वाटायचं हे बाबावाक्यं प्रमाणम्-छाप काहीतरी असेल. पण न्यायभाष्यकार वात्स्यायन आप्ताला अट घालतो: त्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली हवी आणि जशी जाणली तशीच सांगायची इच्छा हवी. वर म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे जमीन हलतेय हे सांगायला किल्लारीचा शेतकरी आप्त. पुढे काय होणार हे सांगायला तोही नाही आणि नकाशाही नाही. नांदेडात 2007 च्या सुमारास जमिनीतून आवाज आणि छोटे धक्के सुरू झाले, तेव्हा हैदराबादच्या एनजीआरआयच्या लोकांनी यंत्रं लावून ते मोजले. त्या मोजमापाबद्दल ते बोलले तर मी ऐकेन, आणि ते पदामुळे नव्हे. धरणाचंही तसंच. पाण्यामुळे भूकंप होतो हे कोयनेच्या बाबतीत बऱ्यापैकी मान्य आहे, किल्लारीबद्दल शास्त्रज्ञांतच मतभेद झाले. काकांनी मतभेदाचा निकाल लावून टाकला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या नांदेडच्या घरावर मजला चढतोय. गुत्तेदार म्हणाला, "किल्लारीत दगडाची घरं पडली सर. स्लॅबला काही होत नसते. वीस वर्षं असंच बांधतो." किल्लारीच्या माळवदांच्या भिंती जाड दगड-मातीच्या होत्या, आरपार सांधणारे दगड नसलेल्या, वर मातीचं जड छत. त्या कोसळल्या हे खरं. पण ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तिथे भिंत पडूनही छत कित्येकदा उभं राहिलं. मुद्दा दगड की स्लॅब हा नाहीच. कमकुवत कॉलमवरचा स्लॅबही जीव घेतो.

ड्रॉइंगमध्ये जॉइंटजवळ कॉलमच्या रिंगा चार-चार इंचांवर होत्या. मी इंजिनिअरला फोन करून विचारलं, का? तो चिडला नाही, याचंच मला कौतुक वाटलं. म्हणाला, हादऱ्यात कॉलम टोकांशी सगळ्यात जास्त वाकतो, तिथलं काँक्रीट रिंगाच धरून ठेवतात, आणि रिंगेचं टोक काटकोनात वाकवलं तर ती उघडते, म्हणून आत 135 अंशांत वळवायचं. मी हे जसंच्या तसं गुत्तेदाराला सांगितलं.

"असं हाय होय," तो म्हणाला. "आजपर्यंत नुसतं रिंगा जवळ बांधा म्हणायचे, का ते कुणी सांगितलंच नाही."

बाबांनी काल टेप लावून फोटो पाठवलेत. तीन कॉलम बरोबर आहेत. जिन्याजवळच्यात रिंगा सहा इंचांवर दिसतायत. रविवारच्या आत ओतायचं नाही म्हणून सांगितलंय.