कॅसेटची दुसरी बाजू

पत्रिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या दिवसांविषयी लिहावे, असे कळले आणि मला आमची गाण्यांची भांडणे आठवली. १९९० साली आम्ही तिघे मित्र अकरावीत होतो. दर शनिवारी संध्याकाळी रामबागेत, तिघांतल्या एकाच्या घरी, ओसरीवर टेपरेकॉर्डर मांडून स्पर्धा चालायची. प्रत्येकाचे एक दशक ठरलेले. त्यातली तीन गाणी ऐकवायची, घरातल्या मोठ्या माणसांनी निकाल द्यायचा आणि हरणाऱ्याने रविवारी सकाळी सगळ्यांना पोहे-जिलबी खिलवायची.

एकाने १९५० चे दशक घेतले होते. त्याला काही कष्टच नव्हते. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर गाजलेले गीतरामायण, गदिमांची ५६ गीते, बाबूजींच्या चाली! तो कॅसेट लावायचा आणि त्याची आजी हात जोडून बसायची. परीक्षकानेच हात जोडल्यावर पुढे काय बोलणार?

ज्याच्या घरी आम्ही जमायचो त्याचे दशक १९६० चे, म्हणजे मुख्यतः अरुण दाते. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल आणि दात्यांचा तो हळुवार आवाज. त्यात दाते जन्माने इंदूरचे, रसिक म्हणून नावाजलेल्या रामूभैया दात्यांचे चिरंजीव. मित्राचे वडील त्यांचा उल्लेख ‘आपला अरुण’ असा करायचे, जणू पलीकडच्या गल्लीत राहतो. काका स्वतः गणपतीत पेटीवर ही गाणी म्हणत. १९८९ च्या उन्हाळ्यात काका गेले. त्यानंतर मित्र ते दशक जास्तच हट्टाने लढवू लागला.

माझ्याकडे आमचे स्वतःचे दशक होते. १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’, १९८९ चा ‘मैंने प्यार किया’. मी दर शनिवारी हरायचो. आजही मला वाटते की गाणी वाईट नव्हती, परीक्षक म्हातारे होते!

एकदा तरी जिंकायचेच म्हणून मी सगळी चांगली गाणी एका कॅसेटवर ओळीने भरायची ठरवली. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. मित्राकडून ऐकायला आणलेली एक घरात होती. एका बाजूला दात्यांची गाणी, दुसऱ्या बाजूला नाव नाही, नुसती पेन्सिलीने लिहिलेली तारीख. थोडे लावून पाहिले. पेटीचा सूर, कोणाचे तरी खोकणे, भांड्यांचा आवाज. मी म्हटले, कोणाची तरी घरची तालीम असेल. कॅसेटवर पुन्हा काही भरले जाऊ नये म्हणून कडेच्या खिट्ट्या तोडून ठेवलेल्या होत्या. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि भरायला सुरुवात केली. ती खिट्टी कोणी मुद्दाम तोडली असेल, हे मला समजत होते. तरीही मी पट्टी लावली.

त्या शनिवारी कॅसेट माझ्या हातात पाहताच मित्राने विचारले, “दुसऱ्या बाजूवर भरलंस?” मी हो म्हटले. तो आत निघून गेला. काकू बाहेर आल्या, पहिले गाणे संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “असू दे रे. तुला माहीत नव्हतं.” तेव्हा मला कळले की तो काकांचा आवाज होता, शेवटच्या गणपतीतला. कॅसेट मी तिथेच ठेवून आलो. स्पर्धा बंद पडली. वर्गात आम्ही बोलायचो, पण अभ्यासापुरते. मी माफी मागितली नाही. कशी मागायची तेच कळले नाही, आणि मग कॉलेज, नोकऱ्या, वेगवेगळी गावे.

६ मे २०१८ ला अरुण दाते गेले. दोन दिवसांनी मित्राचा फोन आला, “इंदुरात आहेस ना? घरी ये.” त्याने तीच कॅसेट लावली, दुसरी बाजू. माझी सिनेमाची गाणी एकामागून एक वाजत राहिली. मी म्हटले, “पुढे तरी कर.” तो म्हणाला, “पट्टी जुनी झालीय, पुढे-मागे केली तर तुटेल. दर वर्षी सगळी ऐकतो. तुझी गाणी मला पाठ झाली आहेत.”

मग खट्कन आवाज झाला. माझी गाणी बाजू भरण्याआधीच संपली होती, हे मला कधी ठाऊकच नव्हते. पुढे काकांच्या गाण्याचा शेवट, टाळ्या, ‘आणखी एक’ असा कोणाचा तरी आग्रह आणि काका म्हणतात, “आता पुरे भैया, प्रसाद घ्या.” सगळे मिळून चार-पाच मिनिटे.

मी जे बोलायचे होते ते अठ्ठावीस वर्षांनी बोललो. त्याने ऐकून घेतले आणि चहा ठेवायला उठला.

पुढे त्याच्या मुलीने ती कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतली. तिने हुशारीने माझी गाणी कापून फक्त आजोबांचा आवाज ठेवला होता. मित्राने तिला सगळी बाजू पुन्हा पहिल्यापासून उतरवायला लावली.