बूड आणि बुडणे

साहित्याच्या वर्गात नाव नेहमी एकच असते. संतांच्या भवसागरात ती तरते, आधुनिक कवितेत वल्ह्यांविना भरकटते. पण तिचे बूड सपाट आहे की निमुळते, हा प्रश्न ना विद्यार्थी विचारतात, ना आम्ही. आम्ही दोघे नाशिकमध्ये मराठी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात एम.ए.च्या २२ विद्यार्थ्यांना गंगापूर धरणाच्या जलाशयावर न्यायचे ठरले आणि दोन मोटारबोटींपैकी एक निवडायची वेळ आली, तेव्हा प्रतिमेआड दडलेले हे बूड आमच्यापुढे आले.

एक बोट रुंद, सपाट बुडाची. दुसरी लांबट, वेगवान, व्ही अक्षरासारख्या बुडाची. आमच्यापैकी एकाचा कल दुसरीकडे होता. तिच्यामागे इतिहास आहे. रे हंट या अमेरिकी रचनाकाराने बुडाचा हा खोल कोन थेट पिछाडीपर्यंत राखला, आणि १९६०च्या मायामी-नासाऊ शर्यतीत त्याच्या रचनेची 'मॉपी' ही बोट खवळलेल्या समुद्रात पहिली आली. व्ही बूड लाट कापते, सपाट बूड तिच्यावर आपटते.

दुसऱ्याचे म्हणणे साधे होते: शांत सकाळी धरणात समुद्राची लाट कुठून येणार? सपाट बोट उथळ पाण्यातही काठाला लागते. शिवाय कुणी कडेला सरकले तरी ती चटकन कलत नाही. कललेल्या बाजूचा रुंद तळ अधिक पाण्यात जातो आणि पाण्याचा तोच रेटा तिला सावरतो. व्ही बुडाची बोट मात्र थांबली की डुलू लागते.

हे डुलणे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात नौकांचे 'दीर्घा' आणि 'उन्नता' असे भेद केले आहेत, आणि दीर्घा नौकांपैकी लोला, गामिनी व प्लाविनी या तीन अशुभ मानल्या आहेत. 'लोला' म्हणजे डुलणारी. त्या 'अशुभ' शब्दामागे कुणा नावाड्याचा अनुभव असावा, असे आम्हांला वाटते. कोकणात अरुंद होडीला उलांडी बांधतात, तोही या डुलण्यावरचाच उतारा.

सपाट बोटीचे पारडे असे जड झाले; पण प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. सहल नेणाऱ्या शिक्षकाला ही बातमी परक्या गावची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. भार वाढला की बोटीचा काठ पाण्याजवळ येतो; सगळे एका बाजूला धावले, तर रुंद तळही एका मर्यादेपलीकडे सावरू शकत नाही. डुलणारी बोट पहिल्या पावलालाच धाक घालते. सपाट बोट विश्वास देते, आणि त्या विश्वासापोटीच माणसे उठून उभी राहतात. स्थैर्याचा धोका तो हाच.

बोटवाल्याने आमचा वाद ऐकून एवढेच म्हटले, "सर, पाणी बघून बोट घ्या. आणि माणसं मोजून."

आम्ही सपाट बोट घेतली, ती ११ जणांच्या दोन फेऱ्या करून, वारा उठण्यापूर्वी. प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, आणि छायाचित्रासाठीही कुणी उठायचे नाही, ही अट. काही विद्यार्थी हिरमुसले. वेगाची मौज हुकली, हे खरेच.

मात्र त्यानंतर वर्गात पैलतीराची प्रतिमा आली, की आमचा पहिला प्रश्न बदलला आहे. नाव कुणाची, तारणारा कोण, हे नंतर येते. आधी आम्ही विचारतो, तिच्यात किती जण बसले आहेत?