ज्याची तसबीर नाही असा हकीम

1543 मध्ये युरोपात शरीररचनेवरचा एक थोर ग्रंथ छापला गेला. त्यात ब्रुसेल्सच्या वेसालियस या 28 वर्षांच्या वैद्याचे चित्र आहे. दाढी, वाचकावर रोखलेली नजर, हातात चिरलेला मानवी हात. व्हान काल्कार या चित्रकाराने ते काढले, असे परंपरेने मानतात.

त्याच काळात आमच्या नगरच्या दरबारातही एक परदेशी वैद्य येत असे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज. 1534 मध्ये तो गोव्यात आला. पुढे पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाचा तो हकीम झाला आणि दोस्तही. त्याची मात्र खरी तसबीर नाही. पोर्तुगालच्या 1971 सालच्या 20 एस्कुदोंच्या नोटेवर छापलेला त्याचा चेहरा कल्पनेतला आहे.

पण 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या, औषधी द्रव्यांवरच्या त्याच्या संवादग्रंथात तो सांगतो, की सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने सुलतानाला लॅटिन.

नगरचे नाव निघाले की किल्ला, वेढे आणि चांदबीबी आठवतात. हकिमाकडून धडा घेणारा आणि त्यालाच धडा देणारा सुलतान कुणाला आठवत नाही. मी उर्दू शाळेत शिकवते. आमची मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, बाजारात मराठी वापरतात आणि तरी त्यांना विचारले जाते, "तुमची भाषा नेमकी कोणती?" म्हणून मी वर्गात खोकल्याच्या औषधाची बाटली दाखवते. तिच्यावरचा 'सिरप' हा शब्द अरबीतून लॅटिनमध्ये गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे परतला. आपला 'शरबत' त्याचाच भाऊ. मुले हसतात, मग आणखी शब्द शोधू लागतात.

ओर्ताचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. 1568 मध्ये तो वारला. 1580 मध्ये धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. तसबीर नाही, कबरही नाही.

पण 1567 मध्येच क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप फ्लेमिश मुलखातल्या अँटवर्पला छापला होता. तिथून तो युरोपभर पोहोचला. हाडे जाळणाऱ्यांच्या हाती तो लागायचा नव्हता. दोन जबानींची देवघेव आगीत जळत नाही, हे मला मुलांना शिकवायचे आहे.