नारिंगी शेजारी

बालमित्रांनो, तुम्ही पाचवीत असाल, वय साडेदहाच्या आसपास असेल, तर थंडीत गच्चीवर जाऊन एक तारा जरूर शोधा. त्याचा जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो तिथून निघाला तेव्हा तुम्ही नुकतेच जन्मला होता!

त्याचं नाव एप्सिलॉन एरिडॅनी. अंतर साडेदहा प्रकाशवर्षं. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृगाच्या पायाशी चमकणारा निळसर राजन्य धरा. हात ताठ करून मूठ मिटा आणि राजन्यापासून पश्चिमेकडे अडीच मुठी मोजा. जवळजवळ असे दोन मंद तारे दिसतील. त्यांतला पश्चिमेकडचा आपला. दुसरा किंचित तेजस्वी दिसतो खरा, पण तो जवळजवळ तिप्पट लांब आहे. दिसतं तसं नसतं! (शहरातल्या दिव्यांपुढे हा तारा टिकत नाही. गावी गेलात तर बघा.)

हा नारिंगी बटू तारा. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं. ताऱ्यांचंही तसंच. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5500 अंश सेल्सियस, याचं 4800. म्हणून रंग वेगळा आणि उजेड सूर्याच्या एक तृतीयांश.

1960 साली अमेरिकेत ग्रीन बँक इथे फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने रेडिओ दुर्बीण लावून दोन ताऱ्यांकडे कान दिले. कुणी बोलतंय का तिथून? त्यातला एक हा. दुर्बीण इकडे वळवताच खणखणीत ठोके ऐकू आले! सगळ्यांची छाती धडधडली असेल. पण ती गडबड इथलीच, पृथ्वीवरचीच निघाली.

मग ग्रह तरी आहे का? ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित डुलतो. हे डुलणं सेकंदाला सुमारे 11 मीटर, म्हणजे ऑलिम्पिकमधला धावपटू पळतो तेवढंच. साडेदहा प्रकाशवर्षांवरून ते मोजायचं! 2000 साली ग्रह सापडल्याचं जाहीर झालं आणि वाद सुरू झाला. कारण हा तारा फार लहान आहे, वयाने. सूर्य 460 कोटी वर्षांचा, हा 40 ते 80 कोटी. सूर्याला सेहेचाळीस वर्षांचे गृहस्थ मानलं, तर हा बालवाडी ते तिसरीतला पोर. आणि तसाच चंचल! अंगावर सूर्यासारखेच, पण कितीतरी जास्त डाग. ते डागही डुलल्याचा भास करून देतात. मोजमापं वर्षानुवर्षं चालली, तेव्हा कुठे बहुतेकांची खात्री पटली. ग्रह गुरूसारखा मोठा आहे, एका फेरीला त्याला सव्वासात वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिथे दहावीला बसेपर्यंत दोनच वाढदिवस, बघा!

2015 साली ताऱ्याचं नाव ठेवलं रान आणि ग्रहाचं एगिर. रान म्हणजे आपलं रानावनातलं रान नव्हे बरं का. उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधली ती समुद्रदेवी, एगिर तिचा नवरा. ही नावं सुचवली कुणी? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कोलबर्ट गावच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी. नावं जाहीर झाली डिसेंबरात. त्या दिवशी पृथ्वीवरून निघालेल्या प्रकाशाला रानपर्यंत पोचायला 2026 चा जून उजाडतो.