मुलगी, धामणगाव रेल्वे

माझ्या जन्मदाखल्यावर माझं नाव नव्हतं. नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ, लिंगाच्या रकान्यात ‘मुलगी’ आणि जन्मस्थळ नुसतं ‘धामणगाव’. 1991 पासून तो कागद बाबांच्या लोखंडी पेटीत घडी घालून पडला होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर दहावी झाली, लग्न झालं, पासपोर्टही निघाला. अडलं ते नवऱ्याला आइंडहोव्हनला नोकरी लागली तेव्हा.

नेदरलँड्समध्ये राहायला गेलं की तिथल्या पालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी तिघांचे जन्मदाखले आणि आमचा विवाहदाखला हवा, तोही अपोस्टील केलेला. म्हणजे आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. हा अपोस्टील ज्या करारातून आला, तो 1961 साली हेगमध्ये झाला. भारतात तो लागू झाला 2005 मध्ये. म्हणजे ज्यांनी हा शिक्का काढला, त्यांच्याच दारात तो घेऊन जायचं होतं.

पुण्यातल्या एजंटनं माझे कागद टेबलावर मांडले आणि विचारलं, ‘‘मॅडम, हे आरएलवाय म्हणजे काय? आडनाव आहे का?’’

पासपोर्टवर ‘धामणगाव आरएलवाय’. टीसीवर ‘धामणगाव रेल्वे’. जन्मदाखल्यावर ‘धामणगाव’. मी त्याला समजावलं, की आमच्याच जिल्ह्यात धामणगाव गढी आहे, बुलढाण्याकडे धामणगाव बढे आहे, म्हणून आमचं धामणगाव रेल्वे. मुंबई-नागपूर लाइनवर, बडनेरा आणि वर्ध्याच्या मध्ये. तो म्हणाला, ‘‘म्हणजे तुमचा जन्म स्टेशनवर झाला?’’ मी गाडीचं तिकीट काढलं.

बाबा 34 वर्षं अडत दुकानात मुनीम होते. अख्ख्या बाजारात त्यांचं अक्षर प्रसिद्ध. कापसाची, तुरीची, चण्याची हजारो बिलं त्यांनी लिहिली आणि एकात खाडाखोड सापडायची नाही. पोरीच्या कागदावर मात्र रेघ. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘बारसं कुठं झालं होतं तवा? चौथ्या दिवशी नोंद केली म्या. नाव नसलेल्या मालाची बी आवक लिहा लागते.’’

नाव घालून घेण्यासाठी दोन आठवडे गेले. अर्ज, टीसी, प्रतिज्ञापत्र, आणि एका कार्यालयातले ‘उद्या या’ म्हणणारे साहेब. बाबा रोज सोबत यायचे. बाकावर बसून माझी फाईल मांडीवर धरायचे, जशी पूर्वी चोपडी धरायचे तशी. एकदा कंटाळून मी म्हटलं, आपल्याकडून लांब सासरी गेलेली पहिली पोरगी कौंडण्यपूरची रुक्मिणी. वर्धेच्या काठावरून थेट द्वारकेला, आणि तिला कुणी जन्मदाखला मागितला नाही. बाबा म्हणाले, ‘‘तिच्या भावानं अडवलंच ना. तुले तर कोणीच अडवून नाही राह्यलं.’’

मग आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो.

मी एकुलती एक. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. नवऱ्याची नोकरी हे कारण लोकांना सांगायला सोपं होतं. पण तिथं नोकरदाराच्या जोडीदारालाही काम करायची मोकळीक असते, हे मीच रात्री दोन वाजता मोबाईलवर वाचून काढलं होतं. लेक लवकरच चारची होणार; तिकडे चौथ्या वर्षी मुलं शाळेत बसतात, पाचव्यापासून सक्ती. तेही मीच शोधलं. आई-वडिलांचं काय, हे मात्र मी सगळ्यात शेवटी शोधलं, आणि उत्तर सापडल्यावर फोन उपडा ठेवून दिला. आई-वडिलांना कायमचं सोबत नेण्याचा सोपा रस्ता नाही. भेटीच्या व्हिसावर यायचं, कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90.

बाबांकडे पासपोर्टच नाही. काढा म्हटलं की म्हणायचे, ‘‘कायले? थ्या थंडीत का काम माह्यं?’’ आईचं बीपी, तिचा मोतीबिंदू, पऱ्हाटी, घराचं छप्पर, अशी कारणं रांगेत उभी. मी भांडले. आई मध्ये पडली नाही. ती सरगुंडे वाळवत होती.

पुण्यातलं घर आवरणं त्या मानानं सोपं गेलं. फ्रिज विकला, स्कूटर विकली, पुस्तकं मैत्रिणीकडे टाकली. जड गेली ती धामणगावची बॅग. युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. ताजा कढीपत्ता आणि लिंबंही नाहीत. आईनं तुपाचा डबा बॅगेतून तीनदा बाहेर काढला आणि दोनदा परत आत ठेवला. ‘‘तूप काय बॉम्ब हाय का वं?’’ राहिलं ते तिखट, तूरडाळ, सांडगे, कुरड्या आणि सरगुंडे.

बाबांनी ओळखीच्या दुकानातून लटकता काटा आणला. दाराच्या चौकटीला टांगून बॅग मोजली. 23 किलोची मर्यादा, भरलं 23 किलो 400 ग्रॅम.

‘‘इतकी सूट तर अडतीत बी देतेत,’’ बाबा म्हणाले.

मी सांडग्यांची पिशवी काढली. आईनं ती माझ्या हातून घेतली, परत आत घातली आणि माझी शाल बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र एक्स्प्रेसवर दोघं सोडायला आले. इथं गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, त्यामुळे रडायचं ते आधीच उरकून घ्यावं लागतं. आईनं ते घरीच उरकलं होतं. लेक आजोबांच्या खांद्यावर बसून इंजिनाची वाट बघत होती. फाईल माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होती. नवीन दाखल्यावर माझं पूर्ण नाव होतं आणि जन्मस्थळाच्या रकान्यात, बाबांनी साहेबांना चारदा बजावल्यामुळे, ‘धामणगाव रेल्वे’.

सिग्नल पडला. बाबांनी लेकीला माझ्याकडे दिलं आणि एकदम विचारलं, ‘‘थे 90 दिवस हायत ना, थ्यात यायचा-जायचा दिवस धरतेत का?’’

‘‘धरतात बाबा. दोन्ही.’’

‘‘मंग 88च समज,’’ ते म्हणाले आणि बॅग उचलायला वाकले.