कडं उचलताना

स्टीलची रिंग हातात घेतली की आधी जाणवतो तो तिच्यातला रितेपणा. तळ नाही, झाकण नाही. बोटभर उंचीची एक चकचकीत पट्टी स्वतःभोवती वळून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळालेली. तिच्यात पाणी ओतलं तर ते ओट्यावर पसरेल. ती काही साठवत नाही. ती फक्त सांगते, इथपर्यंत.

फ्रान्समधले पेस्ट्री करणारे अशी रिंग ओव्हनच्या ट्रेवर ठेवून टार्टच्या पिठाची पातळ पारी तिच्या आतल्या अंगाला हलक्या बोटांनी बसवतात. काही रिंगांच्या अंगावर बारीक भोकं असतात. त्यांतून वाफ निघून जाते आणि कड चहूबाजूंनी सारखी बदामी होते. त्याच देशात मधोमध पोकळी असलेल्या साच्यात यीस्टचा एक केक भाजतात आणि रमच्या पाकात मुरवतात. त्याला नाव मिळालं ते ब्रिया-साव्हारँ यांचं, खाण्यावर मनापासून विचार करून 1825मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या न्यायाधीशाचं. मधल्या त्या पोकळीतून ऊब केकच्या गाभ्यापाशी पोचते, एरवी जिथे कच्चेपणा सगळ्यात शेवटपर्यंत दडून राहतो. आणि केक ताटलीत आला की तिथेच साय, फळं, सगळी श्रीमंती भरतात. जिथे काहीच भाजलं नव्हतं, तिथे.

मला मात्र ओढ लावतात ते इंग्लंडमधले क्रम्पेट. तव्यावर रिंग, रिंगेत यीस्ट घालून फुगवलेलं सैलसर पीठ, खाली मंद आच. बाजूंना पसरायला जागा नाही, म्हणून आतली सगळी हवा वर चढते, एकेक बुडबुडा पृष्ठभागाशी येऊन फुटतो आणि त्याच्या जागी छिद्र उघडं राहतं. सडा घातलेलं अंगण उन्हात सुकत यावं तशी वरची ओली चकाकी विझत जाते. मग त्या छिद्रांतून लोणी आत उतरतं. कोकणातल्या अंबोळीलाही अशीच जाळी पडते, पण तिला कुणी कडं घालत नाही. पळीने जितकं नेलं तितकं पीठ जातं, आणि कड येते ती पातळ, कुरकुरीत, जराशी वेडीवाकडी. दोन्हींत उजवं कोणतं, हे ठरवावंसं मला कधी वाटलं नाही. अडवलेली हवा उंच जाते, मोकळी सोडलेली दूर जाते.

आपल्या घरांत कडं आहेच, फक्त ते वाटीच्या रूपात आहे. मोठी पोळी लाटून वाटीच्या काठाने पुऱ्या पाडायच्या, उरलेले कोपरे पुन्हा गोळ्यात मळायचे. आणि भाताची मूद.

आजी मूद पाडायची तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत राही. वाटीला आतून तुपाचं बोट, मग वाफाळता भात, वर पळीच्या पाठीने एक दाब. किती दाबायचं, याचं माप कुठेच लिहिलेलं नसतं. जोर जास्त झाला तर शितं मोडून लगदा होतो, कमी पडला तर वाटी उचलताच एक बाजू ढासळते. लांब, सुटा बासमती मुदीत रमत नाही. आंबेमोहोर रमतो, त्याच्या मऊ दाण्यांना एकमेकांना धरून राहण्याची सवय असते. आजी वाटी पानावर पालथी घाली, तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवी आणि सरळ वर उचली. त्या क्षणी सगळं धरून ठेवणारं कडं निघून गेलेलं असायचं, आणि भात आपल्याच बळावर उभा.

केवढीशी ती उंची! तिच्यावर पिवळं वरण ओघळे, मग तूप, मग तुळशीचं एक पान. देवाच्या पानाखाली पाण्याचं चौकोनी मंडल काढलेलं असे. आजोबा जेवायला बसताना आपल्या पानाभोवती पाणी फिरवत, आणि ओल्या फरशीवर ते दुसरं कडं पहिल्या घासापर्यंत जेमतेम टिकत असे.

हल्ली हॉटेलांत रिंगेत थरावर थर रचून उंच मनोरे समोर आणतात. त्यांचं कौशल्य मी मानते, पण ते मला परके वाटतात. इतकं जपून रचलेलं मोडायला हात धजत नाही. मुदीचं तसं नाही. ती मोडण्यासाठीच पाडलेली असते, आणि तरीही आजी प्रत्येक पानावर ती तितक्याच निगुतीने पाडी. या निगुतीवर माझा जीव आहे. ती खाणाऱ्याला सांगते की तुझी वाट पाहिली होती.

ती कुठून मोडायची, यावरून माणूस ओळखू येतो. वडील कडेकडेने खात येत, तुपाचा माथा शेवटच्या घासासाठी राखून. भाऊ पहिल्याच झटक्यात सगळं कालवून टाकी. पाहुणे मधोमध अंगठ्याने खळगा करीत आणि त्यात आणखी वरण मागत. दुसऱ्या वाढणीचा भात मात्र भातवाढीने थेट पानात यायचा, मोकळा, हवा तसा. त्याला मूद नसे, आणि कुणी मागतही नसे. तोवर ताकाचं भांडं पंगतीत फिरू लागलेलं असे.