परतीची वेळ

दिल्लीत शिडाची होडी शिकणाऱ्याला समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्याच्या वाट्याला येतं ते ओखल्याचं अडवलेलं यमुनेचं पाणी. तरी त्याच्या मनात खांदेरी, सुवर्णदुर्ग, वेंगुर्ल्याची बेटं घोळत असतात आणि तिथवर जायला धाडस लागतं, अशी त्याची समजूत असते. माझं मत वेगळं आहे. बेटाची सफर ही वेळेची विद्या आहे, आणि त्यातही परतायची वेळ आधी ठरवण्याची.

मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर असलेली खांदेरीच घ्या. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो. दक्षिणेला निघालेल्या होडीला तो डाव्या बाजूने मिळतो, होडी सरळ धावते. दहाच्या सुमारास वारा पडतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा जोर धरतो. परतताना तो तिरका समोरून येतो. शिडाची होडी वाऱ्याच्या रोखाला साधारण पंचेचाळीस अंशांपेक्षा जवळ जात नाही. आणखी वळवली की शिडाची पुढची कड फडफडू लागते, वेग मरतो आणि नागमोडी वाट धरावी लागते. आता यात भरती-ओहोटी मिसळा. तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाला; पुढचे सहा तास ओहोटी होडीला मुंबई बंदरातून बाहेर नेते, दुपारनंतरची भरती आत आणते. शिवाय अष्टमी भांगाची, म्हणून ओढही सौम्य. त्या दिवशी दुपारी बाराला खांदेरीवरून निघणारा वारा आणि पाणी यांचा मेळ साधतो. बेट आवडलं म्हणून चारपर्यंत रेंगाळणाऱ्याची भरती वाटेतच संपते आणि काळोखात उलटी ओढ लागते.

हा हिशेब इतिहासानेही तपासला आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी खांदेरीवर तट बांधत होते. इंग्रजांची मोठी गलबतं वेढा घालून उभी होती, तरी रसद पोहोचत राहिली. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात, वारा पडला की वल्ही मारत, उथळ पाण्यातून निसटत. जड जहाजं वाऱ्यावाचून हलू शकत नव्हती. इथे शौर्य होतंच, पण शौर्याला वेळ साधून देणारं किनाऱ्याचं ज्ञान त्याच्या पाठीशी होतं. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना वेढा उठवावा लागला.

यावर कोणी म्हणेल, आता इंजिन आहे, जीपीएस आहे, तिथीचा हिशेब कशाला? जीपीएस आपण कुठे आहोत ते सांगतो. पुढच्या तीन तासांत पाणी कुठे ओढेल हे ठरवून निघणं माणसाचंच काम. इंजिनही बंद पडू शकतं, आणि खडकांजवळ बंद पडलं तर उरतात शीड आणि नांगर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भरती नसलेल्या तळ्यात शिकलेल्याने समुद्राच्या गोष्टी कराव्यात का? ओखल्यात लाटा आणि भरती शिकता येत नाहीत, हे खरंच. पण पाण्यावर पसरत येणारी काळसर लहर पाहून वाऱ्याचा झोत ओळखणं, शीड वेळेवर सैल सोडणं, वाऱ्याविरुद्ध वाट काढणं या गोष्टी तिथेच पक्क्या होतात. उरलेलं ज्ञान थळ-अलिबागच्या कोळ्यांकडे आहे आणि ते त्यांच्याकडून विद्यार्थ्याच्या नम्रतेने घ्यावं. तिसरा आक्षेप, मागे फिरणं म्हणजे भित्रेपणा. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही बंदरांमध्ये ठरवून थांबे घेत. त्या थांब्यांनी त्यांचा पराक्रम कमी झाला नाही.

म्हणून दिल्लीच्या प्रत्येक नवख्या नाविकाला माझी विनंती आहे. बेटाकडे निघण्याआधी परतीची वेळ कागदावर लिहा, ती किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगून ठेवा आणि घड्याळात ती वाजली की बेट हाताच्या अंतरावर असलं तरी होडी वळवा.